मुलीला अडवू नका, पण आधी मदभावीला पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात शहापूरच्या एका वडिलांचं पत्र वाचलं. मुलगी पीयूसी सेकंड इयर (म्हणजे बारावी) सायन्सला, मार्क चांगले, घरात सगळ्यांनी इंजिनिअरिंग धरून ठेवलेलं. आणि आता ती म्हणते, मला पर्स, चपला, पट्टे, दागिने यांचं डिझाइन शिकायचंय. ‘याला करिअर म्हणायचं की इन्स्टाग्रामचं खूळ?’ असा त्यांचा सवाल. त्यावर आपण छापलेली उत्तरंही वाचली. एका काकांनी संस्कारांचा विषय काढला, एका बाईंनी ‘मुलांचा कल ओळखा’ म्हणून समजूत घातली. वडिलांनी विचारलं होतं ते साधं होतं: यात पोट भरतं का, शिकायचं कुठे, आणि बेळगावात राहून काही होतं का. त्याला कुणीच हात घातला नाही. मी वडगावची, विणकराच्या घरची, आणि याच कामावर माझं घर चालतं, म्हणून लिहिते. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण परीक्षेच्या वेळापत्रकाचा भाग तेवढा कापू नका.

आधी काम काय ते सांगते, कारण घोळ तिथेच आहे. ‘फॅशन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रॅम्पवर चालणाऱ्या मुली येतात. अंगावरचा कपडा सोडून माणूस जे काही वापरतो ते सगळं ॲक्सेसरीत मोडतं: पर्स, पाकीट, पट्टा, चप्पल, बूट, घड्याळ, चष्म्याची फ्रेम, ट्रॉली बॅग, कानातलं, गळ्यातलं, केसांचा चाप. यातलं काही झाडाला लागत नाही. कडी केवढी, चेन कुठवर उघडायची, पट्ट्याला भोकं किती, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं आणि त्याचा त्याला पगार मिळतो. होसूरची टायटन घड्याळं, चष्मे, दागिने आणि आता पर्ससुद्धा करते. पाँडिचेरीची हिडिझाइन १९७८ पासून चामड्याच्या बॅगा करते. मुंबईत नीना लेखी यांनी ‘बॅगिट’ उभं केलं, तेही चामड्याला हात न लावता. शिवाय ज्यांची नावं आपल्या कानावर येत नाहीत असे निर्यातदार आहेत: कोलकाता आणि कानपूरला चामड्याच्या वस्तू, तमिळनाडूत आंबूर-राणीपेटला बूट, जयपूरला खडे आणि चांदी, सुरत-मुंबईला हिरे. या सगळ्यांना डिझायनर लागतात. तेव्हा ‘नोकऱ्या कुठे आहेत?’ याचं उत्तर, आहेत, बेळगावात नाहीत.

माझी बेंगळूरची पहिली नोकरी बॅगांच्या एका कंपनीत होती. बरेच महिने माझ्याकडे फक्त हँडल होतं. अख्खी बॅग नव्हे, तिचं हँडल. बाईची पर्स बहुतेक वेळा हँडलच्या मुळाशी फाटते, कारण सगळा भार तिथे येतो आणि शिलाईची भोकंही तिथेच असतात. मजबुतीसाठी टाके वाढवत गेलात, तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं होतं आणि त्या भोकांच्या रांगेवरच फाटतं. मग आत पट्टी द्यायची, टाक्यांतलं अंतर वाढवायचं, रिव्हेट मारायचा तर मागे चकती घालायची. तयार नमुना यंत्राला टांगून, आत वजन भरून हजारो झटके देतात. तो तुटला की पुन्हा पाटीवर. हे पार पडलं की टेक पॅक लिहायचा: प्रत्येक तुकड्याचं माप मिलिमीटरमध्ये, धाग्याचा नंबर, अस्तराचा रंग, चेनचा आकार, कडी कुठल्या धातूची आणि तिच्यावर मुलामा कसला. आपला कारागीर इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतो, कंपनीला मिलिमीटर लागतात. एका सुताचे तीन मिलिमीटरच धरले तर दहा सुतांत जवळपास दोन मिलिमीटरची चूक येते आणि झाकण बसत नाही. सगळ्यात शेवटी किमतीचा कागद येतो. त्यावर तुमची सगळ्यात लाडकी कडी आधी खोडली जाते. आमच्या धंद्यातली भांडणं बहुतेक याच कागदावरून होतात. चित्र काढणं हा या सगळ्यात किरकोळ भाग, आणि बाहेरच्यांना दिसतो तेवढाच.

दागिन्यांतही हेच. कानातलं देखणं करता येतं. ते दिवसभर कानाची पाळी न ओढता राहिलं पाहिजे, तिथे कस लागतो. पितळेवर मुलामा देताना खाली निकेलचा थर दिला की चकाकी येते, पण निकेलनं कित्येकींचे कान खाजतात, चिघळतात. युरोपात माल पाठवायचा तर निकेल किती सुटतं यावर कायद्यानं मर्यादा आहे. ‘एक ग्रॅम’च्या बांगडीचं सोनं दोन सणांत उडतं, कारण तो थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो. शहापूरच्या वडिलांना ‘सायन्स वाया जाईल’ ही धास्ती आहे. धातू, मुलामा, रंग पक्का का होतो, चामडं कमावल्यावर कुजत का नाही, हे सगळं सायन्सच आहे. माझ्या बरोबरीच्या मुलींत ज्यांना केमिस्ट्री येत होती, त्या पुढे गेल्या.

आता बेळगावचं. माझं मत असं की हे काम शिकायला आपल्या भागाइतका चांगला मुलूख शोधून सापडायचा नाही. अथणी तालुक्यात मदभावीला घराघरांत कोल्हापुरी चप्पल होते. निपाणी, चिकोडी, रायबागकडेही होते. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, रापीनं कापलेला तळ, खिळ्याशिवाय चामड्याच्याच वादीनं केलेली शिलाई. पट्ट्यांवरची वेणी आणि नक्षी बहुतेक घरांत बायका करतात, आणि नाव मात्र पुरुषाचं होतं; हा एक वेगळ्या पत्राचा विषय आहे. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे नुसते प्रकार सांगत बसले तरी पत्राची जागा संपेल.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती पर्सच्या हँडलसाठी. कागदावर सात पदरी वेणी काढून नेली होती, मापांसकट. तिथल्या मावशींनी कागद उलटसुलट करून बघितला आणि कन्नडमध्ये एवढंच विचारलं, ओलं असताना घालू की सुकल्यावर? बेंगळूरच्या कॉलेजात हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. ओलं चामडं सुकताना आवळतं, म्हणून वेणी ओल्यात घालायची आणि माप सुकल्यावर धरायचं. मावशींनी एक वीत वेणी घालून दोरीवर टाकली, आम्ही चहा घेतला, शेंगदाण्याच्या पोळीवर गप्पा झाल्या, आणि सुकल्यावर तीच वीत मोजली. किती आटली ते मी टेक पॅकमध्ये लिहिलं आणि कंपनीनं ते निमूट मान्य केलं. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. माझ्या मते त्या खोलीतल्या डिझायनर त्या होत्या, मी कारकून होते.

याच चपलेवरून गेल्या वर्षी किती गदारोळ झाला ते आपण छापलंच आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. तेव्हा घाटावर काहींनी नाकं मुरडली होती, ‘कर्नाटकाचा काय संबंध?’ म्हणून. सीमेवर आम्हाला हसू आलं. ज्या दोन सरकारांचं बसथांब्याच्या पाटीवरूनही जमत नाही, त्यांचं एका जोड्यावर जमलं. मग २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख नाही. ओरड झाली, प्राडानं मूळ मान्य केलं, मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. जुलैत ती फेटाळली गेली, कारण याचिका करणारे वकील होते, मानांकन ज्यांच्या नावावर आहे ते नव्हते. डिसेंबरात प्राडानं लिडकॉम आणि लिडकर या दोन राज्यांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, किंमत जवळपास ८०० युरो.

गल्लीतल्या चहाच्या गाड्यावर ‘चोरांना कोर्टात खेचा’ यापलीकडे चर्चा गेली नाही. मला त्यातलं दुसरंच डाचतं. मानांकनानं ‘कोल्हापुरी’ हे नाव राखलं जातं. अंगठ्याची चप्पल दुसऱ्या नावानं कुणी केली तर ते मानांकन फारसं आड येत नाही. आणि ८०० युरोचा जोड आणि अथणीच्या बाजारातला जोड यांत कातड्याचा फरक तेवढा नाही. तिकडे कुणीतरी ठरवलेलं असतं की तळ इतकाच जाड, रंग हाच, शंभरावा जोड पहिल्यासारखाच आला पाहिजे, डाव्या-उजव्यात एक मिलिमीटरचा फरक चालणार नाही, आणि पहिल्या आठवड्यात टाच सोलता कामा नये. नाव आणि दुकान त्याच्या पुढचं. आपल्याकडे हात आहेत. त्या हातांशेजारी बसून माप धरणारी, खरेदीदाराशी त्याच्या भाषेत बोलणारी आणि कारागिराचं नाव कागदावर लिहायला लावणारी मुलगी नाही. शहापूरची ती पोरगी तीच व्हायचं म्हणत असेल, तर तिला खूळ लागलेलं नाही.

चप्पल एकच झाली. आमच्या वडगाव-खासबागेत माग आहेत. लहानपणी मी धोट्याच्या आवाजात झोपायची, पुढे वडिलांनी हातमाग मोडून यंत्रमाग घेतला. साडीचे जे काठ मोडीत निघतात, त्यांचे मी बॅगांचे खांद्याचे पट्टे करते. काठ घट्ट विणलेला असतो, ताण धरतो. हुपरीला चांदीचं काम आहे, पैंजणांच्या घुंगरापासून साखळीपर्यंत. पर्सला लावायचे छोटे चांदीचे लोंबते तिथून आणते. अथणीला जाताना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आम्हा बायकांना तिकीट पडत नाही, हुपरीला महाराष्ट्रात शिरलं की पडतं, एवढाच काय तो सीमाप्रश्न माझ्या हिशेबाच्या वहीत येतो. शहापूरच्या सराफ गल्लीत जुन्या हाताचे कारागीर अजून आहेत, कोल्हापुरी साजाची पानं बघायची तर त्यांच्याकडे बसावं. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची मातीकामाची संस्था आहे, गोकाकला लाकडी फळं-खेळणी रंगवणारे आहेत. मातीचे मणी, लाकडाची मूठ, सगळं एका दिवसात जाऊन-येऊन मिळतं.

गुळेदगुड्डच्या खणाबद्दल मात्र माझं मत कडू आहे. खण सुंदर, वाद नाही. पण कुठल्याही हळदीकुंकवाच्या प्रदर्शनात जा, खणाची पर्स, खणाचं कानातलं, खणाचं मोबाइल कव्हर, खणाचा टिश्यू पेपरचा डबा. सगळ्या टेबलांवर तेच. त्यात पन्हा आखूड, विणकाम मऊ, कापल्या जागी धागे सुटतात. फ्युजिंग (मागे चिकटवायचं अस्तर) न करता शिवलेली पर्स दुसऱ्या लग्नापर्यंत टिकत नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याच खणांत रेशीम कुठे उरलंय? ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का एवढंही कुणी बघत नाही आणि मग पैठणीवर डाग. आपल्या बायकांनी घरी बसून दोन पैसे मिळवावेत, माझी ना नाही. त्याला डिझाइन म्हणू नये एवढंच.

आणि उद्यमबाग, आमची औद्योगिक वसाहत. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होत नाही. जिथे हायड्रॉलिक सिलिंडर होतात, ओतकाम होतं, परदेशी जाणारे सुटे भाग घासले जातात, त्या गावात पर्सचं बक्कल होत नाही. ते अलीगढहून येतं, मुंबईच्या होलसेल बाजारातून येतं, नाहीतर चीनहून. मी एका शेडमध्ये पितळी कडीचा नमुना घेऊन गेले. मालकांनी कडी तळहातावर ठेवली आणि विचारलं, ‘ताई, किती टनांची ऑर्डर?’ पाचशे नग म्हटल्यावर ते हसले, पण संध्याकाळी फोन आला की डाय (साचा) करून बघू. कडी इतकी नेमकी आली की माझ्या बॅगेपेक्षा दहा वर्षं जास्त जगेल. अलीगढपेक्षा महाग पडली हे खरं, कारण डायचा सगळा खर्च पाचशे नगांवर बसला. पाच हजारांवर बसला असता तर हिशेब वेगळा. पण पाच हजारांची ऑर्डर एकटीनं कुठून आणू? माझ्यासारख्या पाच-सहाजणी इथे असत्या तर एकाच डायवर सगळ्यांचं भागलं असतं. म्हणून शहापूरची ती मुलगी शिकून परत यावी यात माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही.

आता तारखा. निफ्टच्या, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीच्या, चार वर्षांच्या डिझाइन पदवीत ॲक्सेसरी डिझाइन ही वेगळी शाखा आहे. बेंगळूर आणि मुंबई ही केंद्रं आपल्याला जवळची. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, वय २४ च्या आत लागतं. पालक माझ्याकडे येतात ते मे-जूनमध्ये, पेढे वाटून झाल्यावर. तोवर गाडी गेलेली असते. अर्ज आदल्या हिवाळ्यात भरायचे असतात आणि लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत होते, म्हणजे पीयूसीच्या बोर्डाच्या तोंडावर. लेखीत एक पेपर कल्पना आणि चित्राचा, दुसरा गणित, इंग्रजी, सामान्यज्ञान, तर्क यांचा. त्यातून निवडलेल्यांची पुढे प्रत्यक्ष परीक्षा: समोर तार, कागद, दोरा, पुठ्ठा असं काहीबाही ठेवतात आणि सांगितलेल्या प्रसंगासाठी वस्तू करायला लावतात. लहानपणी मोडक्या छत्रीच्या काड्यांशी खेळलेली मुलं इथे क्लासवाल्या मुलांना भारी पडतात. अहमदाबादच्या एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) परीक्षा वेगळी, तिचे अर्जही थंडीतच असतात. नुसत्या पादत्राणांत आणि चामड्यात रस असेल तर केंद्र सरकारचीच एफडीडीआय (फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट) आहे; मुख्य नोएडाला, आपल्याला हैदराबाद जवळ.

पेपर इंग्रजीत आणि हिंदीत असतो. घरात मराठी, शाळेत सक्तीची कन्नड, आणि परीक्षा इंग्रजीत, ही आपल्या पोरांची जुनीच कसरत. चित्राच्या पेपरात त्यांचं काही अडत नाही, सामान्यज्ञानात अडतं. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना तिकडच्या काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा ठेवतं, तो दाखला घेऊन काहीजण निफ्टच्या दारात जातात. ती केंद्राची संस्था, तिथे तो चालत नाही. उगाच तहसीलदार कचेरीत खेटे घालू नका. त्यापेक्षा ही माहिती घ्या: कारागीर आणि कारागिरांची मुलं यांच्यासाठी निफ्टमध्ये प्रवेशाची वेगळी वाट आहे. त्यासाठी हस्तकला किंवा हातमाग विकास आयुक्तांचं कारागीर ओळखपत्र लागतं. मदभावीच्या, खानापूरच्या, जिथे अजून हातमाग आहे अशा घरांतल्या कितीजणांना हे माहीत आहे? आपण एवढं एक जरी चौकटीत छापलंत तरी पुष्कळ झालं.

फी लाखांत आहे, हे लपवून उपयोग नाही. वसतिगृह धरलं तर चार वर्षांचा आकडा मध्यमवर्गीय घराला घाम फोडतो. बँका कर्ज देतात, शिष्यवृत्त्या आहेत, पण हिशेब आधी मांडावा. तो परवडत नाही म्हणून ‘एका वर्षात डिझायनर, शंभर टक्के नोकरी’ असे फलक लावलेल्या क्लासांच्या नादी मात्र लागू नका. तिथे शिकवणाऱ्यांना आधी एक पर्स उसवून परत जोडायला सांगा.

पगाराचं म्हणाल तर पहिली काही वर्षं आयटीतल्या भावापेक्षा कमीच मिळतो. माझा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, आमची दिवाळीतली थट्टा अजून यावरच चालते. पाच-सात वर्षांनी, एखादा प्रकार हातात बसला, कारखान्यातली माणसं ओळखीची झाली, की तफावत कमी होते. स्वतःचं काढायचं तर बेळगावातली दुकानं माल जांगड ठेवून घेतात. विकला तर पैसे, तेही सणानंतर. नाही विकला तर काचेतल्या उन्हानं विटलेला परत. मी लग्नानंतर बेंगळूर सोडून इथे काम सुरू केलं तेव्हा आई म्हणाली, ‘एवढं शिकून शेवटी पिशव्याच शिवूलालीस होय गे?’ तिचं काही चुकलं नव्हतं, त्या वर्षी मी खरोखर पिशव्याच शिवत होते. आज माझ्याकडे शेजारच्या बायका कामाला आहेत, बाहेरच्या कंपन्यांचे नमुने करून देते, आणि जांगड माल फक्त एकाच दुकानात ठेवते, जिथला हिशेब चोख आहे.

नकलेचं एक सांगते, कारण नव्या मुली इथेच फसतात. केलं की लगेच मोबाइलवर फोटो टाकायचा, अशी सवय लागलेली असते. भारतात वस्तूच्या आकार-नक्षीला २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी मिळते, दहा वर्षं आणि पुढे वाढवून आणखी पाच. एकट्या माणसाला अर्जाची सरकारी फी हजार रुपये आहे. पण ती वस्तू अर्जाआधी जगाला दाखवलेली नसावी लागते. फोटो टाकला की नावीन्य संपलं. आणि नोंदणीयोग्य डिझाइन न नोंदवताच पन्नासच्या वर नग यंत्रानं काढलेत, तर त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही. आमच्याच एका प्रदर्शनात माझ्या बॅगेचं झाकण दुसऱ्या टेबलावर बघायला मिळालं होतं, कडीच्या वाकणासकट. त्या बाईंनी मलाच विचारलं, ‘छान आहे की नाही?’ छानच होतं. तेव्हापासून आधी अर्ज, मग फोटो.

जाता जाता, ज्यांच्या घरी हा धंदाच आहे त्यांच्यासाठी: पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून अठरा कामं आहेत, त्यांत चर्मकार, सोनार, कुंभार, शिंपी येतात. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि आधी एक लाख व नंतर दोन लाखांचं कर्ज पाच टक्क्यांनी. नाव नोंदवून ठेवायला काही जात नाही.

शहापूरच्या वडिलांना माझं सांगणं एवढंच. दसऱ्याच्या सुट्टीत मुलीला मदभावीला किंवा जवळच्या कुठल्याही चर्मकाराच्या, सोनाराच्या खोपटात आठवडाभर बसवा. फोटो काढायला नव्हे, कामाला. कमावलेल्या कातड्याचा वास पहिल्या दिवशी डोक्यात जातो. बोटाला आरी लागते. दुसऱ्या दिवशीही तिला जावंसं वाटलं, तर अर्ज भरा आणि फीची तजवीज करा. नाही वाटलं तर इंजिनिअरिंग कुठे पळून जात नाही, सीईटीला अजून वेळ असेल. कुठल्या घरी बसवायचं ते मी सांगेन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवलाय, तो त्यांना जरूर द्यावा. शनिवारी दुपारनंतर मी कामाच्या खोलीवरच असते. येताना घरातली एखादी तुटकी पर्स आणा. ती पूर्ण उसवून, तुकडे मांडून, परत जोडता येते का ते मुलीलाच बघू दे.

माझं नाव मात्र छापू नये ही विनंती. जांगडवाले दुकानदारही आपलाच पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक
वडगाव, बेळगाव